नकारात मुरलेला मुत्सद्दी : आंद्रेई ग्रोमिको

परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची एका माणसाला फार काळ लाभत नाही. सरकार पडतं, पंतप्रधानांची मर्जी फिरते, एखादं युद्ध अंगाशी येतं आणि मंत्री जातो. आंद्रेई आंद्रेयेविच ग्रोमिको मात्र फेब्रुवारी १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचे परराष्ट्रमंत्री झाले आणि जुलै १९८५ पर्यंत त्या खुर्चीवर होते. या २८ वर्षांत अमेरिकेत आयसेनहॉवर यांच्यापासून रेगन यांच्यापर्यंत ७ अध्यक्ष झाले आणि डलेस यांच्यापासून शुल्ट्झ यांच्यापर्यंत ९ परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे नेहरूंपासून राजीव गांधींपर्यंतचा काळ त्यात मावतो. मधल्या काळात न्या. छगला, यशवंतराव चव्हाण, अटलबिहारी वाजपेयी, नरसिंह राव असे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले. मॉस्कोत त्यांच्या समोर बसणारा माणूस बदलला नाही.

पाश्चात्त्य वार्ताहरांनी त्यांना ‘मिस्टर न्येत’ असं नाव ठेवलं होतं. न्येत म्हणजे नाही. चेहऱ्यावर हसू नाही, आवाजात चढउतार नाही, उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी. या प्रतिमेमागचा माणूस समजून घेतला, तर शीतयुद्धातली मुत्सद्देगिरी कशी चालत होती हे कळतंच, शिवाय निष्णात मुत्सद्दी आणि धोरण घडवणारा नेता यांत अंतर किती असतं हेही कळतं.

रिकाम्या खुर्च्यांवरची भरती

ग्रोमिको यांचा जन्म १८ जुलै १९०९चा, आजच्या बेलारूसमधल्या गोमेल शहराजवळच्या एका खेड्यातला. गावाचं नाव स्तारिये ग्रोमिकी आणि गावातल्या कित्येक कुटुंबांचं आडनाव ग्रोमिको. घर शेतकऱ्याचं. मुलगा अभ्यासू निघाला, मिन्स्कमध्ये अर्थशास्त्र शिकला, १९३१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला आणि पुढे मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या अर्थशास्त्र संस्थेत संशोधक म्हणून रुजू झाला. परराष्ट्र खात्याशी तोवर त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

तो संबंध आला १९३९ मध्ये, आणि त्यामागे एक भीषण कारण होतं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत स्टालिन यांच्या दडपशाहीत सोव्हिएत परराष्ट्र खात्यातले अनेक अनुभवी अधिकारी तुरुंगात गेले किंवा मारले गेले. मे १९३९ मध्ये ज्येष्ठ मुत्सद्दी मॅक्सिम लित्विनोव्ह यांना हटवून मोलोतोव्ह यांच्याकडे खातं देण्यात आलं. रिकाम्या खुर्च्या भरायच्या होत्या. शेतकरी-कामगार घरातली, पक्षनिष्ठ, थोडंफार इंग्रजी येणारी तरुण मुलं हवी होती. ग्रोमिको त्या भरतीत आले आणि थेट अमेरिका विभागात बसले. अनुभवाची अट नव्हती, कारण अनुभवी माणसं उरलीच नव्हती. हा धडा त्या पिढीतले अधिकारी कधीही विसरले नाहीत : आपलं मत मोठ्यानं मांडणारा माणूस इथे टिकत नाही.

ग्रोमिको पुढे नेमणुकीवर अमेरिकेला निघाले तेव्हा स्टालिन यांनी त्यांना सल्ला दिला, की तिथल्या चर्चमध्ये जाऊन प्रवचनं ऐक, पाद्री शुद्ध आणि स्वच्छ इंग्रजी बोलतात. नास्तिक राज्याचा मुत्सद्दी चर्चमध्ये बसलेला दिसला तर वार्ताहर काय लिहितील, या विचारानं ग्रोमिको यांनी तो सल्ला पाळला नाही, असं त्यांनी आठवणींत लिहिलं आहे. स्टालिन यांचा शब्द त्यांनी मोडल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

ऑगस्ट १९४३ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, ते वॉशिंग्टनमध्ये राजदूत झाले. आधीचे राजदूत होते तेच लित्विनोव्ह.

नकाराधिकाराची घडण

आज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांना जो नकाराधिकार आहे, त्याच्या घडणीत ग्रोमिको यांचा मोठा वाटा आहे. १९४४च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या वास्तूत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे प्रतिनिधी नव्या जागतिक संघटनेचा आराखडा करायला बसले. सोव्हिएत शिष्टमंडळाचे प्रमुख होते ग्रोमिको. वादाचा मुद्दा असा : एखादी महासत्ता स्वतःच एखाद्या तंट्यात पक्षकार असेल, तर त्या विषयावर तिला मत देता यावं का? न्यायाच्या साध्या तत्त्वानुसार देता येऊ नये. ग्रोमिको यांचं म्हणणं : महासत्तेला तिच्या इच्छेविरुद्ध बांधणारी संघटना टिकणारच नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना बोलावून घेऊन समजावलं. ते तसूभरही हलले नाहीत. मॉस्कोकडून आदेश नव्हता, मग हलायचं कशाला?

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक मागणी टाकली. सोव्हिएत संघातल्या सोळाही प्रजासत्ताकांना स्वतंत्र सदस्यत्व द्या. अमेरिकी प्रतिनिधी हादरले. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे तडजोड झाली. तंटा शांततेनं मिटवण्याच्या प्रस्तावांवर पक्षकार महासत्तेनं मत देऊ नये. पण कारवाईचा प्रश्न आला की नकाराधिकार अबाधित. सोळा जागांच्या ऐवजी युक्रेन आणि बेलारूस अशा दोन जादा जागा सोव्हिएत संघाला मिळाल्या. सोळा मागून दोन मिळाल्या असं दिसतं खरं, पण दुसऱ्या कुठल्याही महासत्तेला अशी एकही जादा जागा मिळाली नव्हती. अवाच्या सवा मागायचं, शेवटपर्यंत ताणायचं आणि जे पदरात पडेल ते निव्वळ नफा समजायचं, ही त्यांची पद्धत इथेच दिसू लागली.

२६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर सोव्हिएत संघाच्या वतीनं ग्रोमिको यांनी सही केली. सनद बदलायची तर पाचही कायम सदस्यांची संमती लागते, अशी कडी त्या सनदेतच आहे. सुरक्षा परिषदेत कायम जागा मागणाऱ्या भारताला आजही ती कडी आडवी येते.

१९४६पासून दोन वर्षं ते संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत संघाचे कायम प्रतिनिधी होते. तिथे पाश्चात्त्यांचं बहुमत असल्यामुळे सोव्हिएत संघाकडे नकाराधिकाराशिवाय दुसरं हत्यार नव्हतं आणि ग्रोमिको यांनी ते सढळ हातानं वापरलं. मार्च १९४६ मध्ये इराणमधल्या सोव्हिएत सैन्याचा विषय चर्चेला घेतला गेला तेव्हा ते परिषदेतून सरळ उठून गेले. मे १९४७ मध्ये मात्र त्यांनी सगळ्यांना चकित केलं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू आणि अरब एका राज्यात नांदू शकत नसतील, तर फाळणीचा पर्याय विचारात घ्यावा लागेल, असं त्यांनी आमसभेत सांगितलं. तोवर झिओनिस्ट चळवळीला विरोध करणाऱ्या सोव्हिएत संघाची ही भूमिका अनपेक्षित होती. ब्रिटनला पश्चिम आशियातून बाहेर काढण्याचा स्टालिन यांचा हिशेब त्यामागे होता. मुत्सद्द्यानं तो भारदस्त शब्दांत मांडला, इतकंच.

मंत्री, पण धोरण दुसऱ्याचं

१९५७ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तरी सत्तेच्या उतरंडीत त्यांची जागा खालचीच होती. सोव्हिएत व्यवस्थेत परराष्ट्र धोरण ठरायचं पॉलिटब्युरो या पक्षाच्या सर्वोच्च मंडळात. मंत्रालय टिपणं तयार करायचं, मसुदे लिहायचं, ठरलेलं धोरण परदेशात बोलून दाखवायचं. ग्रोमिको पॉलिटब्युरोत गेले ते १९७३ मध्ये, म्हणजे मंत्री झाल्यावर तब्बल १६ वर्षांनी. त्याआधी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्यांची जाहीर थट्टा करत. बर्फाच्या लादीवर चड्डी काढून बस म्हटलं, तर ऊठ म्हणेपर्यंत हा बसून राहील, असा ख्रुश्चेव्ह यांच्या नावावरचा शेरा अनेक आठवणींत सापडतो.

या आज्ञाधारकपणाची खरी परीक्षा १८ ऑक्टोबर १९६२ रोजी झाली. क्युबात सोव्हिएत संघानं गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेली होती. अमेरिकेच्या यू-२ विमानांनी त्यांची छायाचित्रं टिपली होती आणि दोन दिवसांपूर्वीच ती अध्यक्ष केनेडी यांनी पाहिली होती. ग्रोमिको ठरलेल्या भेटीसाठी व्हाइट हाऊसमध्ये आले. केनेडी यांनी छायाचित्रांचा विषय काढला नाही. क्युबात हल्ल्याची शस्त्रं चालवून घेतली जाणार नाहीत, हा आपला आधीचा जाहीर इशारा मात्र त्यांनी वाचून दाखवला. ग्रोमिको यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, की क्युबाला मिळणारी मदत केवळ संरक्षणासाठी आहे. चार दिवसांनी केनेडी दूरचित्रवाणीवर बोलले आणि जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभं राहिलं.

पुढे आयुष्यभर ग्रोमिको म्हणत राहिले, की आपण खोटं बोललोच नाही. केनेडी यांनी क्षेपणास्त्रांबद्दल सरळ प्रश्नच विचारला नव्हता. शब्दांच्या कसोटीवर हे कदाचित उतरेलही. पण वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनाही या क्षेपणास्त्रांचा पत्ता नव्हता. आपल्याच राजदूताला अंधारात ठेवून त्याच्या तोंडून जगाला आश्वासनं देण्यात आली होती. आणि संकट सुटलं ते याच दोब्रिनिन आणि अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या गुप्त भेटींच्या वाटेनं. २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. नंतर तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रंही गुपचूप हलली.

संकटानंतर दोन्ही बाजूंना अक्कल आली. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी अणुचाचण्यांवरच्या आंशिक बंदीचा करार केला. सोव्हिएत संघाची सही ग्रोमिको यांची होती. हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या करायच्या नाहीत, जमिनीखाली करता येतील, असा तो करार. पुढची वीस वर्षं शस्त्रनियंत्रणाच्या जवळजवळ प्रत्येक वाटाघाटीत त्यांचा हात होता.

बसून राहण्याची विद्या

वाटाघाटीच्या मेजावर ग्रोमिको यांच्या कशाची भीती वाटायची, हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री राहिलेल्या किसिंजर यांच्यासारख्या मुरलेल्या प्रतिस्पर्ध्यानंच लिहून ठेवलं आहे. पहिली गोष्ट स्मरणशक्ती. कुठल्या सालच्या कुठल्या मसुद्यात कुठलं कलम कसं होतं, हे त्यांच्या जिभेवर असे. दुसरी गोष्ट तयारी. समोरचा मंत्री नवा असायचा, त्याला सहाय्यकाच्या टिपणांत डोकावावं लागायचं. ग्रोमिको यांना नाही. तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. अमेरिकी अध्यक्षाला दर चार वर्षांनी निवडणूक असते, शिखर परिषदेची तारीख जाहीर झालेली असते, वार्ताहर दाराशी उभे असतात. त्याला काहीतरी घेऊन परतायचं असतं. ग्रोमिको यांना निवडणूक नव्हती, विरोधी पक्ष नव्हता, वर्तमानपत्रंही सरकारचीच. ते तासन् तास एकच भूमिका त्याच त्या शब्दांत मांडत राहायचे. समोरचा कंटाळून बारीकशी सवलत द्यायचा. ती खिशात घालून ते पुढच्या सवलतीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

या चिकाटीतून काही भरीव गोष्टीही घडल्या. १९७०च्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीचे प्रतिनिधी एगॉन बार मॉस्कोत आले आणि ग्रोमिको यांच्याशी कित्येक आठवडे बोलत बसले. त्यातून १२ ऑगस्ट १९७०चा मॉस्को करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमा बळानं बदलायच्या नाहीत, हे पश्चिम जर्मनीनं मान्य केलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारे करार केले. १९७५च्या हेलसिंकी करारात युरोपनं युद्धोत्तर सीमांवर शिक्कामोर्तब केलं. ग्रोमिको यांना हवं होतं ते मिळालं. मात्र त्याच करारात मानवी हक्कांची कलमंही होती. ती कागदावरच राहतील असा मॉस्कोचा अंदाज होता. पूर्व युरोपातल्या असंतुष्टांनी मात्र तीच कलमं आपल्या सरकारांसमोर नाचवली.

दिल्लीशी नातं

भारताच्या बाबतीत ‘मिस्टर न्येत’ यांचा नकार आपल्या उपयोगी पडला. ते मंत्री झाले त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९५७ मध्ये, सोव्हिएत संघानं काश्मीरवरचा पाश्चात्त्य ठराव नकाराधिकार वापरून अडवला. जून १९६२ मध्ये पुन्हा तेच झालं.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला सोव्हिएत संघ प्रथमच भारत-पाकिस्तान यांच्यात मध्यस्थ म्हणून उभा राहिला. भारताकडून लालबहादूर शास्त्री, परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. पाकिस्तानकडून अध्यक्ष अयुब खान आणि परराष्ट्रमंत्री भुट्टो. पाकिस्तानला काश्मीरवर बोलायचं होतं, भारताला बळाचा वापर न करण्याची हमी हवी होती, आणि १९६५च्या युद्धात जिंकलेली हाजी पीर खिंड परत देणं आपल्या जनतेच्या गळी उतरवणं अवघड होतं. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन दोन्ही पाहुण्यांच्या निवासांमध्ये फेऱ्या मारत होते, सोबतीला ग्रोमिको. अखेर १० जानेवारीला सह्या झाल्या. ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी सैन्यं परत न्यायची, हे ठरलं. त्याच रात्री शास्त्रीजींचं निधन झालं.

सगळ्यांत महत्त्वाची सही मात्र ९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत झाली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला जाऊन आले होते आणि अमेरिका-चीन-पाकिस्तान अशी मोट बांधली जात असल्याचं दिल्लीला दिसत होतं. दोन वर्षं रेंगाळलेल्या मसुद्यावर इंदिरा गांधींचे विश्वासू दुर्गाप्रसाद धर यांनी मॉस्कोत शेवटचा हात फिरवला आणि ग्रोमिको दिल्लीत आले. स्वर्णसिंग आणि त्यांनी २० वर्षांच्या शांतता, मैत्री आणि सहकार्य करारावर सह्या केल्या.

या कराराचं नववं कलम पुन्हा पुन्हा सांगितलं जातं : एका देशावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर दोघांनी ताबडतोब विचारविनिमय करायचा. मदतीला सैन्य धाडू, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उलट चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर नोंदवलेला आहे. म्हणजे लष्करी युती न करता युतीचा धाक निर्माण करणारा हा मसुदा होता. डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं तेव्हा सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत संघानं तीन वेळा रोखले आणि भारतीय सैन्याला ढाक्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळाला.

मार्च १९७७ मध्ये दिल्लीत जनता सरकार आलं. परराष्ट्रमंत्री झाले होते वाजपेयी, म्हणजे सोव्हिएत संघाकडे झुकलेल्या धोरणावर वर्षानुवर्षं टीका करणाऱ्या जनसंघाचे नेते. पुढच्याच महिन्यात ग्रोमिको दिल्लीत हजर झाले. करार तसाच राहिला. तक्रार नाही, आढेवेढे नाहीत. सरकार बदललं तरी नातं चालू ठेवायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अफगाणिस्तान : एका मताची किंमत

१९७३ नंतर ग्रोमिको पॉलिटब्युरोत होते आणि ब्रेझनेव्ह यांची तब्येत खालावत गेली तसा त्यांचा शब्द जड होत गेला. म्हणजे आता धोरण दुसऱ्याचं आणि बोल आपले, ही सबब उरली नव्हती. मार्च १९७९ मध्ये अफगाणिस्तानात हेरातला बंड झालं आणि काबूलच्या कम्युनिस्ट सरकारनं सोव्हिएत सैन्य मागितलं. त्यावेळच्या पॉलिटब्युरोच्या बैठकांच्या नोंदी आता उपलब्ध आहेत. सैन्य पाठवलं तर आपण आक्रमक ठरू, अमेरिकेशी सुधारलेले संबंध आणि शस्त्रकपातीच्या वाटाघाटी धुळीला मिळतील, असा युक्तिवाद त्यात ग्रोमिको यांनी केलेला आहे. तो युक्तिवाद अक्षरशः खरा ठरला.

पण डिसेंबरमध्ये केजीबीचे प्रमुख आंद्रोपोव्ह आणि संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह यांचं मत फिरलं, तेव्हा ग्रोमिको त्यांच्या बरोबर गेले. १२ डिसेंबर १९७९ रोजी निर्णय झाला आणि महिनाअखेर सैन्य काबूलमध्ये शिरलं. नऊ वर्षांच्या त्या युद्धात सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले आणि त्याच्या कित्येक पट अफगाण. जानेवारी १९८० मध्ये आमसभेनं १०४ विरुद्ध १८ मतांनी परकीय सैन्य मागे घेण्याची मागणी केली. भारत तटस्थ राहिला. फेब्रुवारीत ग्रोमिको दिल्लीत आले तेव्हा इंदिरा गांधींनी त्यांना जाहीर दूषण दिलं नाही, पण पाठिंब्याची माळही गळ्यात घातली नाही.

जगभर नकार देत फिरलेल्या या माणसाला आपल्या सहकाऱ्यांसमोर नकारावर ठाम राहता आलं नाही. कारकिर्दीतला सगळ्यांत मोलाचा नकार त्यांनी मार्चमध्ये दिला आणि डिसेंबरमध्ये मागे घेतला.

अखेर

१ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानानं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं मेली. आठवडाभरात माद्रिदला अमेरिकी परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ यांच्याशी ग्रोमिको यांची कडाक्याची वादावादी झाली. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीनं त्यांच्या विमानाला उतरू दिलं नाही आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करणारा हा माणूस त्या वर्षी आमसभेला जाऊ शकला नाही. तरीही जानेवारी १९८५ मध्ये जिनिव्हात शुल्ट्झ यांच्याबरोबर बसून त्यांनी शस्त्रकपातीच्या नव्या वाटाघाटींची चौकट ठरवलीच.

११ मार्च १९८५ रोजी सरचिटणीसपदासाठी गोर्बाचेव्ह यांचं नाव सुचवलं ते ग्रोमिको यांनी. चार महिन्यांत त्याच गोर्बाचेव्ह यांनी त्यांना राष्ट्रप्रमुखाच्या शोभेच्या पदावर बसवून परराष्ट्र खातं शेवर्दनाद्झे यांच्याकडे दिलं. शेवर्दनाद्झे यांना मुत्सद्देगिरीचा अनुभव शून्य होता. जुन्या चाकोरीतून बाहेर पडण्यासाठी गोर्बाचेव्ह यांना नेमका तोच गुण हवा होता. १९८८ मध्ये ग्रोमिको निवृत्त झाले आणि २ जुलै १९८९ रोजी वारले. चार महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली. दोन वर्षांनी सोव्हिएत संघ संपला.

ग्रोमिको यांच्याकडून कुठल्याही देशाच्या परराष्ट्र सेवेनं शिकावं असं बरंच आहे : कागदपत्रांवरची पकड, संयम, मसुद्यातल्या एकेका शब्दाची किंमत, आणि सरकारं बदलली तरी संबंध न तोडण्याचं भान. पण त्यांनी २८ वर्षं ज्या सीमा, जे गट आणि जी राजवट राखली, त्यांतलं जवळपास काहीच त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षंही टिकलं नाही. देशाची बाजू मेजावर कितीही कौशल्यानं लढवली, तरी ती बाजूच पोकळ झाली आहे हे घरात सांगायची हिंमत नसेल, तर परराष्ट्रमंत्र्याचं काम अर्धंच होतं. ग्रोमिको यांनी ते अर्धं काम त्यांच्या काळात सर्वांत उत्तम केलं.